उत्तर समुद्रातले तेल आणि भाकितांची बखर

डॉर्सेटच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेलेली आपली मंडळी बहुधा ‘डर्डल डोअर’च्या दगडी कमानीपाशी फोटो काढून परत फिरतात. तिथून थोडे पूर्वेला गेले की किमरिज नावाचे छोटे खेडे लागते. किनाऱ्यावर काळपट, पापुद्रे सुटणारा खडक आणि वर टेकाडावर मान डोलावणारा तेलाचा पंप. बी.पी.ने ही विहीर १९५९ साली खोदली. ऐन भरात ती दिवसाला साडेतीनशे बॅरलपर्यंत तेल देत होती. पुढे वर्षानुवर्षे कमी कमी होत हा आकडा सत्तरच्याही खाली आला. एवढ्याशा विहिरीचे काय कौतुक, असे वाटेल. पण त्या काळ्या खडकाला भूशास्त्रात या खेड्याचेच नाव आहे, ‘किमरिज क्ले’. हाच थर उत्तर समुद्राच्या तळाखाली काही किलोमीटर खोल गाडला गेला, तिथल्या उष्णतेत कोट्यवधी वर्षे शिजला, आणि ब्रिटनच्या तिजोरीत ज्याने भर घातली ते बहुतेक सगळे तेल त्यातूनच झिरपले.

ते तेल किती आहे, दरसाल किती निघेल आणि कधी संपेल, हे तीन प्रश्न गेली साठ वर्षे या देशात विचारले जात आहेत. सरकारी तिजोरी विचारते, कंपन्या विचारतात, आणि ॲबरडीनमध्ये घराचे कर्ज फेडणारा साधा ड्रिलरही विचारतो. उत्तरे देणारे बदलत गेले. आधी भूशास्त्रज्ञ होते, मग पेन्सिलीने आलेख काढणारे इंजिनिअर, मग संख्याशास्त्रज्ञ, आणि आता मशीन लर्निंगवाले. या उत्तरांचा इतिहास तेलाच्या इतिहासाइतकाच रंजक आहे, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचाही थोडा भाग आहे.

सुरुवात नकारापासून झाली. उत्तर समुद्रात तेल असणे शक्यच नाही असे मानणारे पन्नाशीच्या दशकात पुष्कळ होते. ‘तिथे निघेल तेवढे तेल मी पिऊन दाखवीन’ अशी पैज एका बड्या तज्ज्ञाने लावल्याची दंतकथा तेलवाल्यांत अजून सांगितली जाते. १९५९ साली हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनजवळ प्रचंड मोठा वायूसाठा सापडला आणि सगळ्यांचे डोळे शेजारच्या समुद्राकडे वळले. १९६४ साली ब्रिटिश संसदेने ‘काँटिनेंटल शेल्फ ॲक्ट’ संमत केला आणि समुद्राचे चौकोन पाडून परवाने वाटले. १९६५ मध्ये बी.पी.च्या ‘सी जेम’ या सांगाड्याला पहिला वायू मिळाला, आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला तो सांगाडा कोसळून १३ माणसे बुडाली. या उद्योगात फायद्याची आणि मृत्यूची बातमी पहिल्याच वर्षी हातात हात घालून आली.

मग १९६९ च्या अखेरीस नॉर्वेच्या बाजूला एकोफिस्क, ब्रिटिश बाजूला माँट्रोज, ऑक्टोबर १९७० मध्ये बी.पी.चे फोर्टीज आणि १९७१ मध्ये शेल-एस्सोचे ब्रेंट. शेलने आपल्या क्षेत्रांना पाणपक्ष्यांची नावे दिली. ब्रेंट हे एका हंसाचे नाव आहे. त्या बिचाऱ्या पक्ष्याला काय कल्पना, की पुढे पुण्यातल्या पेट्रोलच्या दराची चर्चाही त्याचे नाव घेतल्याशिवाय व्हायची नाही! पहिले ब्रिटिश समुद्री तेल मात्र अर्गाइल नावाच्या लहानशा क्षेत्रातून आले. १८ जून १९७५ रोजी केंटमधल्या आइल ऑफ ग्रेन येथे मंत्री टोनी बेन यांनी त्याची झडप उघडली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला राणी एलिझाबेथ यांनी ॲबरडीनजवळ डाइस येथे फोर्टीजच्या पाइपलाइनचे उद्घाटन केले.

फोर्टीजमधून एकूण सुमारे १८० कोटी बॅरल तेल निघेल, असा बी.पी.चा सुरुवातीचा अंदाज होता. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस हे एकच क्षेत्र दिवसाला पाच लाख बॅरल देत होते. २००३ साली बी.पी.ने ते अपाची या अमेरिकन कंपनीला विकले, तोवर सुमारे अडीचशे कोटी बॅरल निघून गेले होते आणि विहिरी अजून चालूच होत्या. म्हणजे तज्ज्ञांनी सांगितले त्याहून कितीतरी जास्त. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे आड नेमका किती खोल आहे हेच पोहरा टाकणाऱ्याला कळत नव्हते.

ही गोष्ट आधीच ओळखणारा एक माणूस होता. पीटर ओडेल हा लेस्टरशरमधल्या कोलव्हिलचा. काही काळ शेलमध्ये अर्थतज्ज्ञ होता, पुढे रॉटरडॅमला प्राध्यापक झाला. त्याने आणि त्याचा सहकारी केनेथ रोझिंग याने सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर उत्तर समुद्राचे १९६९ ते २०२९ असे साठ वर्षांचे भविष्य चक्क कॉम्प्युटरवर मांडले. त्यांची युक्ती आजच्या मुलांना ओळखीची वाटेल. किती क्षेत्रे सापडतील, केवढी मोठी असतील, सुरुवातीचा जाहीर आकडा पुढे किती वाढेल, या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर न देता शक्यतांची झोळी दिली. कॉम्प्युटर त्या झोळीतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढतो, आणि अखेर एका आकड्याऐवजी आकड्यांचा एक पट्टा मिळतो. ओडेलचा पट्टा कंपन्यांच्या आकड्यांपेक्षा बराच वर होता. कंपन्यांना ते अजिबात आवडले नाही आणि वाद चांगलाच पेटला. आज मागे वळून पाहता ओडेलचे आकडे फारच चढे होते असे म्हणावे लागते. पण जाहीर झालेला साठा नंतर वाढत जातो हा त्याचा मूळ मुद्दा फोर्टीजने खरा करून दाखवला. माझ्या मते अंदाजाबरोबर अनिश्चितताही छापली पाहिजे हे या देशाला शिकवण्यात त्याचा वाटा मोठा आहे, आणि त्याचे श्रेय त्याला पुरेसे मिळालेले नाही.

भाकीत कोण करतो यापेक्षा ते कोण वाचतो याला कधीकधी जास्त महत्त्व असते. १९७४ साली स्कॉटिश ऑफिसमधले अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी एक टिपण लिहिले. स्कॉटलंड स्वतंत्र झाला तर तेलाच्या उत्पन्नामुळे त्याच्याकडे संकोच वाटावा एवढी शिल्लक राहील, असा त्याचा सूर होता. ‘हे तेल स्कॉटलंडचे’ ही स्कॉटिश नॅशनल पार्टीची घोषणा तेव्हा जोरात होती. टिपण गोपनीय म्हणून कपाटात गेले आणि माहितीच्या अधिकाराखाली बाहेर आले ते थेट २००५ मध्ये. एकतीस वर्षे एक अंदाज फक्त मोजक्या लोकांनी वाचला. दरम्यान १९८० मध्ये ब्रिटन तेलात स्वयंपूर्ण झाला, १९८४-८५ मध्ये सरकारला एका वर्षात सुमारे १२ अब्ज पौंड मिळाले, आणि ते रोजच्या खर्चात जिरून गेले. नॉर्वेने १९९० साली कायदा करून तेलाच्या पैशाचा वेगळा फंड काढला. इकडच्या वाट्याला धुपाटणे आले, असे म्हणणारे स्कॉटलंडमध्ये आजही भेटतात.

आता थोडे गणित. घाबरू नका, आठवीच्या पलीकडचे नाही. तेलाचा साठा म्हणजे जमिनीखालचा तलाव नव्हे. ते सच्छिद्र दगडात दाबाखाली अडकलेले असते. विहीर खोदली की दाबामुळे तेल वर येते, तेल निघाले की दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की तेल आणखी हळू येते. जे. जे. आर्प्स या इंजिनिअरने १९४५ साली या घसरणीची साधी सूत्रे मांडली. समजा एखादी विहीर दरवर्षी दहा टक्क्यांनी घटते. आज रोज १००० बॅरल, तर पुढच्या वर्षी ९००, त्यापुढे ८१०, आणि सातव्या वर्षाच्या आत निम्मी. काही विहिरींत घटण्याचा वेग स्वतःच मंदावत जातो आणि त्यांची शेपटी लांबते. किमरिजच्या विहिरीला अशीच लांब शेपटी लाभली. तेलाच्या धंद्यातले निम्मे अंदाज अजूनही आर्प्सच्या सूत्रांवरच चालत असतील. जमिनीखालचे काहीही न पाहता, नुसत्या मागच्या आकड्यांवरून पुढचे सांगणारे हे शास्त्र आहे.

एका विहिरीचे हे गणित आख्ख्या देशाला लावले अमेरिकेतल्या किंग हबर्ट यांनी. १९५६ साली त्यांनी घंटेच्या आकाराचा वक्र काढला आणि अमेरिकेचे तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरणीला लागेल असे सांगितले. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. १९७० मध्ये शिखर आले आणि हबर्ट द्रष्टे ठरले. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे वक्र त्यांच्या बाजूने होता. मग शेल खडक फोडून तेल काढण्याचे तंत्र आले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चे शिखर ओलांडले. हबर्टची घंटा चुकीची नव्हती. तिला फक्त उद्याच्या तंत्राची खबर नव्हती.

ब्रिटनच्या उत्पादनाचा आलेख तर घंटेसारखा दिसतच नाही. तो दोन मदारींच्या उंटासारखा आहे. १९८५ मध्ये सुमारे १२ कोटी ७० लाख टन. मग उतार, आणि १९९१ मध्ये सुमारे ९ कोटी १० लाख टन. त्यानंतर पुन्हा चढ, आणि १९९९ मध्ये सुमारे १३ कोटी ७० लाख टनांचे खरे शिखर. १९९१ साली एखाद्या हुशार संख्याशास्त्रज्ञाने तोवरचे आकडे घंटेत बसवले असते, तर त्याने छातीठोकपणे सांगितले असते की शिखर मागेच गेले, आता संध्याकाळ. गणित चोख, निष्कर्ष साफ खोटा!

मधली ही दरी कशामुळे पडली? १९८६ मध्ये जगभर तेलाचे भाव कोसळले हे एक कारण. दुसरे कारण ६ जुलै १९८८ ची रात्र. ॲबरडीनच्या ईशान्येला पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर त्या दिवशी एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढून ठेवली होती. पाळी बदलली, तो कागद नव्या पाळीच्या लोकांच्या नजरेस आला नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. गळती, स्फोट, आग. शेजारचे क्लेमोर आणि टार्टन हे प्लॅटफॉर्म त्यानंतरही काही वेळ आपले तेल पायपरकडच्या पाइपलाइनमध्ये ढकलत राहिले, कारण थांबवण्याचा निर्णय घ्यायला कोणी धजावेना. प्लॅटफॉर्मवर २२६ माणसे होती, त्यांतली ६१ वाचली. बचाव करायला गेलेले दोघे धरून १६७ जण गेले. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० साली १०६ शिफारशी केल्या आणि सगळ्या समुद्रातले प्लॅटफॉर्म बंद ठेवून दुरुस्त करावे लागले. आलेखातल्या दरीचा मोठा भाग म्हणजे ही दुरुस्ती. ॲबरडीनच्या हेझलहेड पार्कमध्ये तीन कामगारांचे पुतळे असलेले स्मारक आहे. तिकडे गेलात तर गुलाबांची बाग पाहून परत फिरू नका, तिथे दोन मिनिटे थांबा.

आपल्याकडचा तसाच दिवस २७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडाली होती, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या गदारोळात मुंबई हायची बातमी अनेकांच्या लक्षातही राहिली नाही. जखमी कर्मचाऱ्याला उतरवून द्यायला आलेले ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज लाटांनी प्लॅटफॉर्मवर आदळले, वायूची नळी फुटली, आणि दोन तासांत प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. २२ जण मृत्युमुखी पडले. ओ.एन.जी.सी.च्या उत्पादनाच्या आलेखात त्या वर्षी एक खाच दिसते. मॉडेलला ती नुसती खाच दिसते.

दुसरी मदार कशी उभी राहिली याचे उत्तरही मागच्या आकड्यांत नव्हते. १९९३ मध्ये नव्या क्षेत्रांवरचा पेट्रोलियम महसूल कर काढून टाकला. भूकंपलहरींनी जमिनीखालचे त्रिमितीय चित्र काढता येऊ लागले. आडव्या विहिरी खोदता येऊ लागल्या. पूर्वी परवडत नसलेली लहान क्षेत्रे जुन्या प्लॅटफॉर्मना जोडली गेली. कर, तंत्र आणि माणसांचे निर्णय.

संख्याशास्त्राच्या या कथेत आपली माणसेही आहेत. साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. नमुना-पाहणीच्या शास्त्रात त्यांचे नाव जगभर आहे. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार १९४० च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे पीएच.डी. करत होते. परत जाऊन त्यांनी पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला, आणि १९६० साली केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिकही मिळवले. जेफ्रीज हे अजब गृहस्थ होते. ते भूभौतिकशास्त्रज्ञही होते आणि संभाव्यतेचे तत्त्वज्ञही. नवी माहिती आली की आपला जुना विश्वास किती बदलावा, याचे गणित त्यांनी पुन्हा प्रतिष्ठेला आणले. तेलाचे साठे आज ‘नव्वद टक्के खात्रीने एवढे, पन्नास टक्के खात्रीने एवढे’ असे सांगतात, त्यामागे हीच विचारसरणी आहे. गंमत म्हणजे, खंड सरकतात हे मात्र जेफ्रीज यांनी अखेरपर्यंत मानले नाही. आणि उत्तर समुद्रातले तेल जिथे साठले ती दरी जमीन ताणली जाऊन, फाटता फाटता राहिल्यामुळेच तयार झाली आहे!

१९७० साली केंटमध्ये जन्मलेले जॉर्ज बॉक्स आणि लँकेस्टर विद्यापीठातले ग्विलिम जेन्किन्स या दोघांचे कालक्रमिक आकड्यांवरचे पुस्तक निघाले. मागच्या महिन्यांचे आकडे आणि मागच्या चुका यांचा मेळ घालून पुढचा महिना सांगायची त्यांची पद्धत तेलापासून विजेच्या मागणीपर्यंत सगळीकडे वापरली गेली. जवळच्या भविष्यासाठी ती आजही उत्तम आहे. पाच वर्षांपुढचे विचारले की मात्र तीही पंचांगवाल्यांच्या पंक्तीला जाऊन बसते.

मशीन लर्निंगने या खेळात नवे काय आणले? मुख्यतः भूक. विहिरीतला दाब, तापमान, झडप किती उघडी आहे, तेलाबरोबर पाणी किती येते, शेजारच्या विहिरीत पाणी किती ढकलले, असे शेकडो आकडे दर दिवशी येतात. त्यांच्यातले संबंध माणसाने सूत्राने सांगायची गरज नाही, यंत्र उदाहरणांवरून शिकते. पण अशी उदाहरणे कंपन्यांच्या कपाटात बंद होती. २०१८ मध्ये नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीने व्होल्व्हे या बंद झालेल्या क्षेत्राची सुमारे ४०,००० फाइलींची सगळी शिदोरी फुकट खुली केली. ब्रिटनच्या तेल नियामकानेही २०१९ मध्ये राष्ट्रीय माहितीसाठा खुला केला. तेव्हापासून जगातल्या विद्यापीठांत व्होल्व्हेवर प्रबंधांचा पाऊस पडतो आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले डेटा सायन्स शिकतात त्यांच्या घरी हे नाव कदाचित ऐकूही आले असेल.

त्या मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. ‘९८ टक्के अचूक’ असे लिहिले असेल, तर परीक्षा कशी घेतली? पुष्कळदा सगळे दिवस पत्त्यांसारखे पिसून काही शिकायला आणि काही परीक्षेला ठेवतात. म्हणजे सोमवार आणि बुधवार शिकवायचा आणि मंगळवार विचारायचा. भविष्य सांगायचे तर शेवटची दोन वर्षे झाकून ठेवली पाहिजेत. दुसरी गोष्ट, ‘उद्या आजच्याइतकेच निघेल’ असे म्हणणारा अडाणीही एका दिवसाच्या अंदाजात फार चुकत नाही. यंत्राने आधी त्याला हरवावे, मग आर्प्सला.

व्होल्व्हे हेच त्याचे चांगले उदाहरण. २००८ साली ते सुरू झाले तेव्हा तीन ते पाच वर्षे चालेल असा अंदाज होता. चालले आठ वर्षांहून जास्त, २०१६ पर्यंत, कारण वाटेत नव्या विहिरी खोदण्याचे ठरले. पहिल्या तीन वर्षांचे आकडे शिकलेल्या कोणत्या यंत्राला ही बैठक माहीत असणार? उलट बाजूचाही पुरावा आहे. नॉर्वेतल्या ५६ क्षेत्रांची सुरुवातीची भाकिते आणि प्रत्यक्ष उत्पादन ताडून पाहणारा एक अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात भाकिते सातत्याने आशावादी आणि फाजील आत्मविश्वासाची निघाली. फोर्टीजने अंदाजाहून जास्त दिले, यांनी कमी. पहिले वहिले अर्गाइल तर तीनदा मेले. १९९२ मध्ये बंद झाले, आर्डमोर नावाने २००३ ते २००५ चालले, पुन्हा अल्मा नावाने २०१५ मध्ये उघडले आणि २०२० मध्ये मिटले.

उत्पादन बरोबर सांगूनही हिशोब कसा चुकतो, हे २०१३ च्या नोव्हेंबरात निघालेल्या स्कॉटिश सरकारच्या श्वेतपत्रिकेने दाखवले. सार्वमताच्या तोंडावर निघालेल्या या पत्रिकेत तेलाचा भाव बॅरलला सुमारे ११० डॉलर धरला होता आणि २०१६-१७ मध्ये सुमारे सात-आठ अब्ज पौंड उत्पन्न अपेक्षित होते. प्रत्यक्षात २०१६ च्या जानेवारीत भाव ३० डॉलरच्या खाली गेला आणि उत्पन्न जवळजवळ शून्यावर आले. याच काळात ब्रिटनचे उत्पादन मात्र वाढत होते, २०१४ मधल्या सुमारे चार कोटी टनांवरून २०१९ मध्ये पाच कोटींच्या वर. त्यानंतर उतरण पुन्हा सुरू झाली. ब्रेंटचा शेवटचा प्लॅटफॉर्म मार्च २०२१ मध्ये थांबला, भावाला त्याचे नाव तेवढे राहिले. २०२२ पासून नफ्यावर जादा कर आला, आणि २०२९ च्या अखेरीस उत्तर समुद्रातले उत्पादन थांबवू असे अपाचीने २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे फोर्टीजची तारीखही दगडाने ठरवलेली नाही.

इकडे मुंबई हाय. ‘सागर सम्राट’ने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधले आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झाले, फोर्टीजच्या पाठोपाठ, जणू जुळे भावंडच. १९८९ च्या सुमारास ते दिवसाला पावणेपाच लाख बॅरलवर पोचले आणि मग घसरत आज दीड लाखाच्याही खाली आले आहे. २०२५ च्या जानेवारीत ओ.एन.जी.सी.ने त्याच्या पुनरुज्जीवनासाठी तांत्रिक सल्लागार निवडला, तो बी.पी.! दहा वर्षांत तेल सुमारे ४४ टक्के आणि वायू सुमारे ८९ टक्के वाढवता येईल असे बी.पी.चे म्हणणे आहे. ही वाढ मोजायची कशावरून? काहीच केले नाही तर उत्पादन कसे घटत जाईल, याचा दहा वर्षांचा आलेख ओ.एन.जी.सी.ने आधीच आखून दिला आहे. पहिली दोन वर्षे ठरावीक फी, आणि त्यानंतर त्या रेषेच्या वर जेवढे तेल निघेल त्यावर बी.पी.चा मोबदला.